उत्खननाचा डिजिटल संग्रह जमा करताना

उत्खनन संपल्यावर हातात उरतात दोन हार्ड डिस्क, सीडींचा एक गठ्ठा, कॅमेऱ्यांची मेमरी कार्डे आणि कुठल्याशा लॅपटॉपवर पडून असलेला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. थर खणला की तो थर राहत नाही, त्यामुळे पुढच्या संशोधकाच्या दृष्टीने ती जागा म्हणजे एवढेच सामान. ते रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा कायमचा जपणाऱ्या भांडारात, रीतसर जमा करण्याचे काम आम्ही हाती घेतले तेव्हा चिंता होती ती साठवणुकीची जागा, फाइलचे फॉरमॅट आणि अपलोडचा वेग यांची. प्रत्यक्षात या गोष्टी थोडक्या वेळात उरकल्या. बाकी सगळा वेळ गेला तो तुटलेले दुवे जोडण्यात: हे खापर कोणत्या थरातले, हा फोटो कोणत्या चराचा, हा सांकेतिक शब्द कोणी कोणत्या अर्थाने वापरला. डिस्क धडधाकट असते, फाइलही उघडते, आणि तरी तिच्यातला आकडा कामाचा नसतो, कारण तो कशाचा आहे हे कुठेच लिहिलेले नसते.

हे नवीन नाही. इंग्लंडमधल्या न्यूहॅम म्युझियमची पुरातत्त्व शाखा १९९८ मध्ये बंद झाली आणि तिचा डिजिटल संग्रह फ्लॉपी डिस्कच्या रूपात यॉर्क विद्यापीठातल्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसकडे आला. ही संस्था १९९६ पासून केवळ पुरातत्त्वीय डेटा जपण्याचे काम करते. तिच्याकडेसुद्धा फाइल वाचणे हे अर्धेच काम होते; वाचलेल्या फाइलचा अर्थ सांगणारे कागद सोबत नसले की तज्ज्ञही अडतात.

पहिला नियम आम्ही स्वतःला घालून घेतला: मूळ डिस्कवरची एकही फाइल उघडायची नाही. काही प्रोग्रॅम फाइल उघडताच तिच्यात बदल करतात, शेवटच्या बदलाची तारीख पुढे सरकते, आणि कोणती आवृत्ती आधीची हे सांगणारा एकमेव पुरावा जातो. म्हणून डिस्क फक्त वाचता येईल अशा पद्धतीने जोडली, सगळे काही जसेच्या तसे दुसरीकडे उतरवले आणि लगेच प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम काढला. हा ६४ अक्षरी आकडा म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक बिट बदलला तरी पूर्ण आकडा बदलतो. पुढे प्रत्येक टप्प्यावर हा ताळा जुळवला. काम करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत कुलपात.

मग मोजदाद. त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे ड्रॉइड हे मोफत साधन वापरले. ते फाइलच्या नावामागच्या एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवत नाही. फाइलच्या आतल्या खुणा प्रोनॉम या नोंदसूचीशी ताडून फॉरमॅट सांगते. जुन्या मॅकवरच्या एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली, टिफ असे नाव दिलेल्या पण आतून जेपेग असलेल्या फाइली, शून्य बाइटच्या फाइली, सगळे एका तक्त्यात आले. चेकसम सारखा असेल तर ती निव्वळ दुबार प्रत, बिनधास्त काढा. नाव तेच पण चेकसम वेगळा, तिथे थांबा. अशा जोड्यांमध्ये नवी तारीख असलेली प्रत खरी मानण्याची चूक सहज होते. आम्ही ओळींची संख्या आणि शेवटचा थर क्रमांक कागदी नोंदवहीशी पडताळून पाहिला. बऱ्याच वेळा नव्या तारखेची प्रत म्हणजे कोणीतरी अहवालासाठी गाळून घेतलेला तुकडा निघतो.

तक्ते: सगळ्यात जास्त घाम इथे

अ‍ॅक्सेसचा डेटाबेस तसाच्या तसा जमा करता येत नाही असे नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक तक्ता स्वतंत्र सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून, यूटीएफ-८ या युनिकोड संकेतपद्धतीत बाहेर काढला आणि सोबत तक्त्यांमधली नाती दाखवणारी एक आकृती आणि रकान्यांची सूची दिली. रकान्यांच्या सूचीत पाच गोष्टी: रकान्याचे नाव, त्याचा अर्थ, एकक, कोणती मूल्ये चालतात आणि रिकामी जागा म्हणजे काय. शेवटची बाब सगळेच विसरतात. खापरांच्या संख्येच्या रकान्यात काहीच नसेल, तर खापरे सापडली नाहीत, की मोजायची राहिली? दोन्हींचे सांख्यिकीत परिणाम अगदी वेगळे. आमच्याकडे एका हंगामात शून्य लिहायची पद्धत होती आणि पुढच्या हंगामात कोरे सोडायची. निर्णय नोंदवहीवरूनच करावा लागला. जिथे नोंदवहीही गप्प होती तिथे 'अज्ञात' असा वेगळा संकेत ठेवला, अंदाजाने भरले नाही.

एक्सेलच्या तक्त्यांनी वेगळाच त्रास दिला. ३-५ असे लिहिलेले मूल्य, म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या थरातला माल, एक्सेलने तारीख समजून बदलून टाकलेले. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार त्याचा ३ मे होतो किंवा ५ मार्च. आत साठवला जातो तो दिवसांचा अनुक्रमांक. त्यामुळे उलट जायचे तर टंकलेखन कोणत्या सेटिंगवर झाले हे ठाऊक हवे, नाहीतर ३-५ आणि ५-३ यांत फरक करता येत नाही. ००४७ या थराचे ४७ होणे हा तुलनेने साधा आजार. रकाना आधीच मजकूर स्वरूपाचा ठरवला की टळतो. तारखांची आणखी एक गोम आहे. एक्सेलमध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासून आणि दुसरी, जुन्या मॅकवरची, १९०४ पासून. एका पद्धतीच्या फाइलमधून दुसरीत तारखा चिकटवल्या की त्या १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवसाने, सरकू शकतात. उत्खनन सुरू होण्याच्या चार वर्षे आधी नोंदवलेल्या वस्तू दिसल्या तर आधी इथे पाहावे.

रंगांकडेही आधीच पाहावे लागते. पिवळ्या रंगाच्या ओळी म्हणजे प्रयोगशाळेत पाठवलेले नमुने, लाल म्हणजे शंकास्पद. सीएसव्ही केली की रंग, टिपा, जोडलेले कप्पे सगळे जाते. म्हणून रूपांतराआधी प्रत्येक रंगाला एक रकाना दिला. हे करताना लक्षात आले की दोन व्यक्तींनी पिवळा रंग दोन अर्थांनी वापरला आहे, आणि ते आत्ताच सापडले म्हणून बरे.

मजकुराच्या बाबतीत युनिकोडपूर्व फॉन्ट हे मोठे दुखणे. फॉन्ट बसवलेला असेल तर वर्णन नीट दिसते, नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फॉन्टचे नाव माहीत असेल तर त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करता येते, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास घसरतात. डोळ्यांनी वाचून तपासण्याला पर्याय नाही. मूळ मजकुराचा रकाना न पुसता शेजारी ठेवला. शुद्ध युनिकोडमधली सीएसव्हीसुद्धा एक्सेलमध्ये थेट उघडली तर अक्षरे बिघडलेली दिसू शकतात. ती फाइल खराब नसते. आयात करताना यूटीएफ-८ निवडायचे असते. हे वाक्य सोबतच्या टिपणात मुद्दाम लिहिले, कारण बिघडलेली दिसणारी फाइल कोणी 'दुरुस्त' करून सेव्ह केली की ती खरोखर बिघडते.

आता दुव्यांची तपासणी. उत्खननाच्या डेटात सगळे काही थर क्रमांकावर लटकलेले असते: खापरे, हाडे, नाणी, फोटो, आरेखने, नमुने. प्रत्येक तक्त्यातला थर क्रमांक मुख्य थर-तक्त्यात आहे का, हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या एका साध्या प्रश्नाने तपासता येते. पहिल्याच फेरीत अनाथ नोंदींची रांग लागली. कारणे तीन प्रकारची. काही टंकनदोष. काही ठिकाणी खणतानाच दोन थर एकच असल्याचे ठरवून जोडले गेले होते, पण ते फक्त वहीच्या समासात लिहिलेले. आणि तिसरे, सगळ्यात घातक कारण अनाथ नोंदीतून दिसतच नाही: काही चरांत दर हंगामी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू केलेले. थर १२ दोन होते आणि दोघांचाही दुवा जुळत होता, फक्त चुकीच्या थराशी. उपाय म्हणून स्थळसंकेत, वर्ष, चर आणि थर मिळून एक पूर्ण ओळखक्रमांक तयार केला. जुना क्रमांक वेगळ्या रकान्यात कायम ठेवला, कारण खापरांवर काळ्या शाईने लिहिलेला क्रमांक तोच आहे. पेटीतले खापर हातात घेणाऱ्याला त्यावरून डेटापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

थरांचा वर-खाली संबंध दाखवणारी हॅरिस मॅट्रिक्स बहुतेक प्रकल्पांत चित्र म्हणून ठेवलेली असते. चित्र पाहायला चांगले, पण संगणकाला त्यातून काही विचारता येत नाही. आम्ही संबंध दोन रकान्यांच्या तक्त्यात उतरवले, वरचा थर आणि खालचा थर, आणि त्यावर क्रमवारी लावणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर आणि क पुन्हा अ च्या वर अशी वर्तुळे त्यात लगेच पकडली जातात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे नोंदीतली चूक किंवा खड्ड्याची भराई आणि खड्ड्याचा छेद यांना एकच क्रमांक दिल्याची खूण. दुसरा प्रकार असेल तर तो गुपचूप सुधारू नये. मूळ नोंद तशीच ठेवून सुधारणेचा तक्ता वेगळा जोडला.

नकाशे, फोटो, त्रिमितीय प्रतिकृती

शेपफाइल हा नकाशांचा प्रचलित फॉरमॅट म्हणजे एक फाइल नसून फाइलींचे कुटुंब आहे. त्यातली प्रोजेक्शन, म्हणजे निर्देशांकांची पद्धत, सांगणारी फाइल हरवली की आकार जागच्या जागी राहतात, पण पृथ्वीवर कुठे हे कळत नाही. शिवाय रकान्याच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे तीन चिन्हांतच नाव संपले. रोमन लिपीतली लांब नावेही कापली जाऊन दोन रकाने सारखेच दिसू लागतात. म्हणून सगळे स्तर जिओपॅकेज या एकाच फाइलच्या फॉरमॅटमध्ये हलवले आणि ईपीएसजी क्रमांक (निर्देशांक पद्धतीचा ठरलेला क्रमांक) टिपणात शब्दांतही लिहिला.

जुन्या हंगामांची मोजणी स्थळाच्या स्वतःच्या जाळीवर होती, एका कोपऱ्याला १०००, १००० असे मूल्य देऊन. ही जाळी भौगोलिक निर्देशांकांवर बसवायला किमान दोन असे बिंदू लागतात ज्यांची दोन्ही पद्धतींतली मूल्ये माहीत आहेत. दोन बिंदूंवर गणित सुटते, पण चूक आहे की नाही हे तिसरा बिंदू असल्याशिवाय कळत नाही. खोलीचेही तसेच: ती जमिनीपासून मोजली की तात्पुरत्या बेंचमार्कपासून (उंचीच्या ठरवलेल्या खुणेपासून), आणि त्या बेंचमार्कचे मूल्य मध्येच बदलले का, हे नोंदवले नाही तर दोन हंगामांचे थर एकमेकांवर बसत नाहीत. टोटल स्टेशन या मोजणी यंत्राच्या कच्च्या मजकूर फाइली लहान असतात. त्या सगळ्या ठेवाव्यात, हिशेब पुन्हा करायची वेळ त्यांच्यावरच येते.

फोटोंच्या जागेचा अंदाज आधी मांडून घ्यावा. दिवसाला २०० फोटो, प्रत्येकी २५ एमबी, २१ दिवस: ४,२०० फोटो, १०५ जीबी. त्यांचे आठ-बिट टिफ करायचे म्हटले तर २४ मेगापिक्सेलचा एक फोटो सुमारे ७२ एमबीचा होतो, म्हणजे तीच संख्या ३०० जीबीच्या वर जाते. म्हणून निवड अटळ आहे. एकाच दृश्याचे पाच फोटो असतील तर एक ठेवला. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल डीएनजी या खुल्या फॉरमॅटमध्ये, आणि अहवालात वापरलेल्यांचे टिफ. मुळात जेपेगच असेल तर मूळ जेपेग न छेडता ठेवावे, पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह करू नये. फाइलींना नवी नावे देताना जुने नाव आणि नवे नाव असा तक्ता हवाच, कारण नोंदवहीत जुनेच नाव आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असल्याचे फोटोतल्या पाटीवरच्या तारखेवरून कळले. तो फरक एकदा काढून पूर्ण मालिकेला लावता आला.

फोटोग्रामेट्रीच्या, म्हणजे फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती बनवण्याच्या, बाबतीत मात्र निवड करू नये. एकमेकांवर चढणारे सगळे फोटो, नियंत्रण बिंदूंचे निर्देशांक, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती आणि चुकीचे प्रमाण सांगणारा प्रक्रिया-अहवाल, एवढे असेल तर उद्याच्या चांगल्या सॉफ्टवेअरवर प्रतिकृती नव्याने बनवता येते. तयार ओबीजे प्रतिकृतीसोबत एमटीएल ही पृष्ठभागाची माहिती देणारी फाइल आणि पोताची प्रतिमा लागते. एमटीएलच्या आत प्रतिमेचा मार्ग बनवणाऱ्याच्या संगणकावरचा असेल तर दुसऱ्याकडे प्रतिकृती राखाडी उघडते. साध्या एडिटरने मार्ग खोडून फक्त फाइलचे नाव ठेवले की झाले. याहून खोल अडचण निर्देशांकांची. बरीच त्रिमितीय सॉफ्टवेअर ३२-बिट दशांश वापरतात. उत्तरेचा निर्देशांक २०,००,००० मीटरच्या आसपास असेल तर त्यात लागोपाठच्या दोन मूल्यांत १२.५ सेंटिमीटरचे अंतर पडते. भिंतीचा कडा पायऱ्यांसारखा दिसू लागतो. म्हणून निर्देशांकांतून एक ठरलेली संख्या वजा करून प्रतिकृती ठेवायची आणि ती संख्या टिपणात लिहायची. संख्या लिहायची राहिली तर प्रतिकृती सुंदर पण बेघर.

काय खुले, काय झाकलेले

शब्दसंग्रहाचे काम कंटाळवाणे वाटते, पण शोध त्यावरच चालतो. वस्तूंच्या प्रकारांसाठी अमेरिकेतील गेटी संस्थेचा कला व वास्तू कोश वापरला. कालखंडांसाठी नुसते 'लोहयुग' लिहून भागत नाही. प्रत्येक प्रदेशात त्याची सुरुवात वेगळी, म्हणून सुरुवात-शेवटची वर्षे आणि प्रदेश लिहून पिरिअडो या सूचीतल्या नोंदीशी दुवा दिला. आमचे स्थानिक संकेत पुसले नाहीत, शेजारी सामायिक शब्द जोडले.

कार्बन कालमापनाच्या निकालांत सर्वाधिक नुकसान 'सोपे करून' देण्याने होते. इसवीसनातले एक वर्ष देणे म्हणजे मोजमाप फेकून देणे. प्रयोगशाळेचा क्रमांक, कॅलिब्रेट न केलेले, म्हणजे प्रत्यक्ष वर्षांत न बदललेले, वय (ते १९५० पासून मागे मोजतात), त्याची अधिक-उणे मर्यादा, कार्बन-१३ चे मूल्य, नमुना कशाचा आणि कोणत्या थरातला, हे सगळे हवे. कॅलिब्रेशनचा वक्र बदलत राहतो. उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२० हा २०२० मध्ये आला आणि त्याआधीच्या वक्रावर काढलेल्या तारखा पुन्हा काढाव्या लागल्या. मूळ वय असेल तरच ते शक्य. कोळसा की बी, हेही लिहावे: जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा थरापेक्षा शेकडो वर्षे जुना निघू शकतो.

खुलेपणाचा आग्रह आम्ही मनापासून धरतो, तरी अचूक जागा सरसकट उघड करणे चुकीचे आहे. असुरक्षित स्थळांची लूट होते. अंशांमध्ये दोन दशांश स्थळे ठेवली तर अचूकता सुमारे १.१ किलोमीटरवर येते, पाच ठेवली तर सुमारे १.१ मीटर. सार्वजनिक प्रतीत दोन स्थळे, पूर्ण निर्देशांक बंद प्रतीत, आणि मूल्ये जाणूनबुजून ढोबळ केली आहेत ही नोंद दोन्हीकडे. एवढे करूनही एक फट राहिली होती: फोनने काढलेल्या फोटोंच्या एक्झिफमध्ये (फाइलमधल्या लपलेल्या नोंदीत) जीपीएस तसेच होते. अपलोडच्या आदल्या तपासणीत सापडले. मानवी अवशेषांचे फोटो, जमीनमालकांची नावे, मजुरांचे हजेरीपट हेही वेगळे काढले. फेअर तत्त्वे डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा असे सांगतात. तो डेटा ज्या समाजाचा, त्यांचा हक्क केअर तत्त्वे मांडतात. दोन्ही एकत्र वाचावीत.

परवाना सीसी बाय ४.० ठरवला, म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरावे. त्यासाठी प्रत्येक आरेखक, छायाचित्रकार आणि हाडांच्या तज्ज्ञाची लेखी संमती लागली. ही पत्रे उत्खनन चालू असतानाच घ्यावीत; नंतर माणसे शोधण्यात महिने जातात. कोणाचा प्रबंध बाकी असेल तर त्या भागावर निर्बंध ठेवता येतो, पण त्याला शेवटची तारीख हवी. 'प्रकाशनानंतर' ही तारीख नव्हे.

जमा करणे आणि त्यानंतर

रिपॉझिटरी निवडताना आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस, अमेरिकेतील टीडार, ओपन कॉन्टेक्स्ट अशा विषयाला वाहिलेल्या संस्था आणि झेनोडोसारखे सर्वसाधारण भांडार यांतला फरक समजून घ्यावा. झेनोडो डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) देते, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत घेते, पण थर क्रमांक तुटलेला आहे हे तिथे कोणी तपासणार नाही. विषयाच्या संस्था तपासतात, प्रश्न विचारतात, फॉरमॅट पुढे बदलत ठेवतात, आणि त्याचे शुल्क असू शकते. ते उत्खननाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावे. शेवटी उरलेल्या पैशांवर सोडले तर पैसे उरत नाहीत.

पाठवण्यासाठी सगळे बॅगइट पद्धतीने बांधले: आत डेटाचा फोल्डर, बाहेर चेकसमची यादी. पहिल्या खेपेत यादीशी ताळा जुळला नाही. कारण शोधले तर पाठवणी अर्धवट तुटलेली नव्हती. बांधल्यानंतर कोणीतरी एक तक्ता 'फक्त बघायला' उघडून सेव्ह केला होता आणि दुसरीकडे संगणकाने फोल्डरमध्ये स्वतःच्या लपलेल्या फाइली टाकल्या होत्या. पुन्हा बांधणी केली, आणि या खेपेला फोल्डर आधीच केवळ-वाचनीय केला. डीओआय मिळाल्यावरही आमच्याकडे तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत, आणि वर्षातून एकदा चेकसमची फेरी.

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र कोणत्याही प्रोग्रॅमने केली नाही. उत्खनन कधी न पाहिलेल्या एका अभ्यासकाला पूर्ण संच दिला आणि एकच काम सांगितले: दुसऱ्या चरातल्या वरच्या दोन थरांत लाल झिलईच्या खापरांचे एकूण वजन काढा. आमच्यापैकी कोणी मदत करायची नाही, फक्त अडेल तिथे लिहून घ्यायचे. झिलईचा संकेत सूचीत सापडला. थर सापडले. बेरीजही झाली. मग प्रश्न आला: वजन खापरे धुण्याआधीचे की धुतल्यानंतरचे? रकान्यांच्या सूचीत 'वजन, ग्रॅम' एवढेच होते. वह्या पुन्हा काढल्या. पहिले दोन हंगाम धुण्याआधी तोलले होते, नंतरचे सगळे धुऊन वाळवल्यावर. संचाची दुसरी आवृत्ती त्या एका नव्या रकान्यासाठी निघाली.